होळीच्या पुनवेचा ईस्टर

अक्का, एका वर्षी मी छापील कॅलेंडरला खोटं ठरवलं होतं. तुला ते आठवत होतं, आणि तुला आठवतंय हे मला माहीत होतं. तरी चाळीसेक वर्षं आपण दोघींनी विसरल्यासारखं केलं. आज तुला पुरून आठवा दिवस आहे. आता मध्येच हात झटकून तू "जाऊ दे की गं" म्हणू शकत नाहीस, म्हणून सगळं लिहून काढते.

लग्न होऊन मला तिसरं वर्ष होतं. वय बावीस, मांडीवर तीन महिन्यांचा सॅम्युएल, आणि डोक्यात भिंगार. मी भिंगारच्या कॅम्पातली, मोठ्या घंटेच्या चर्चमधली, आणि मॅट्रिक पास. सोनईच्या पुढच्या या वस्तीवर, अकरा ख्रिस्ती घरांत, मी नांदायला आले तेव्हा हे तीन मुद्दे मी इतक्यांदा सांगितले असतील की आपली शेळीसुद्धा मला बघून तोंड फिरवायची. तू थोरली जाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, अंगठाबहाद्दर, आणि चर्च झाडणारी. रोज सकाळी भाकरी थापायच्या आधी तू केरसुणी घेऊन चर्चमध्ये जायचीस. कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून जात होतीस म्हणे. मी त्या बावीस वर्षांच्या शहाणीला आज रस्त्यात गाठलं असतं, तर तिच्या पदराला धरून तुझ्यासमोर बसवलं असतं आणि म्हटलं असतं, ऐक आधी.

त्या वर्षी पाळकसाहेब आजारी पडून नगरला दवाखान्यात होते. त्यांच्याकडे सात गावं. दुसरं कुणी फिरकलं नाही. दरवर्षी सणाची तारीख तेच सांगून जायचे, त्यामुळे ईस्टर कधी हा प्रश्न वस्तीवर पहिल्यांदाच उभा राहिला. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, आपल्या दोघींचे नवरे कारखान्यात सीझनला. घरात तू, मी, तुझी दोन पोरं, माझं तान्हं आणि खाटेवर दादा.

दादांची खाट पडवीत होती. आपल्या सासऱ्यांचं शरीर त्या हिवाळ्यात निम्मं झालं होतं, पण आवाज होता तसाच होता. तो आवाज साऱ्या वस्तीला ठाऊक होता, कारण ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत सगळे मेणबत्त्या घेऊन जमले, की दादाच आरोळी द्यायचे, "प्रभू उठला आहे." मग आपण सगळ्यांनी म्हणायचं, "खरोखर उठला आहे." पहिली आरोळी नेहमी सासूबाईंच्या कबरीपाशी उभं राहून. बायकोला उठवायला जावं तसे ते जायचे. मी त्यांची ती आरोळी दोनदाच ऐकली.

त्या साली ते रोज सकाळी एकच विचारायचे. "कधी हाय गं आपला सण?"

आणि कुणाला विचारायचे? मला. कारण मी भिंगारची.

मी बोटं मोजली. लग्नानंतर दोन ईस्टर पाहिले होते, दोन्ही हनुमान जयंतीच्या मागेपुढे आलेले. पहिल्या वर्षी तर गावातली जत्रेची मिठाई अजून शिल्लक होती. झालं, माझं शास्त्र तयार झालं. हनुमान जयंतीची पौर्णिमा गेली की येणारा रविवार तो ईस्टर. मी दादांना सांगितलं, अजून महिना आहे.

दादा म्हणाले, "एवढाच ना? तवर थांबतो की."

हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही, अक्का. तुलाही नाही. तू तेव्हा चुलीपाशी होतीस. तुला ऐकू गेलं असेल का, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला.

होळीच्या आदल्या दिवशी तू केरसुणी हातात तशीच घेऊन घरी आलीस. तुझ्या कपाळावर धूळ होती आणि चेहऱ्यावर असं काही, जसं एखाद्या गाईनं वासरू दिल्याची बातमी आणलीय. म्हणालीस, "विमल, आज ऊन मधोमध आलं. उद्या पुनव. ह्या रविवारीच सन हाय."

मला काही कळलं नाही. तेव्हा तू मला समजावून सांगितलंस, किती सरळ. आपलं जुनं चर्च म्हणजे एक लांबट पत्र्याची खोली. दार पूर्वेला, आणि समोरच्या भिंतीला टेकून प्रभूभोजनाचं मेज. थंडीत सकाळचं ऊन दारातून तिरकं शिरतं आणि बायका बसतात त्या बाजूच्या भिंतीला लागतं. मग रोज थोडं थोडं सरकतं. एक दिवस असा येतो, की दारातून आलेला पट्टा मधल्या वाटेवरून सरळ चालत जाऊन मेजाला शिवतो. त्या दिवशी दिवस आणि रात्र सारखी. त्याच्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार आपला. तुझ्या माहेरी घरोघर फिरून बायकांना शिकवणारी बायबलबाई होती, तिनं तुला लहानपणी हे सांगितलं होतं. तू रोज झाडायचीस, त्यामुळे रोज ते ऊन बघायचीस. वर्षानुवर्षं पाळकसाहेबांनी सांगितलेली तारीख आणि तुझं ऊन जुळत आलं होतं, म्हणून तू तोंड उघडलं नव्हतंस.

मी हसले. नुसती हसले असते तर आज हे लिहायला बसले नसते. मी म्हणाले, "अहो अक्का, होळीच्या आठवड्यात कधी ईस्टर असतो का? उद्या तुम्ही झाडू मारता मारता नाताळची तारीखही सांगाल."

तू भिंतीपाशी गेलीस. सोनईच्या बियाण्यांच्या दुकानातून आलेलं कॅलेंडर तिथं टांगलेलं होतं, त्यातल्या एका लाल चौकोनावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "इथं शुक्रवारच्या घरात काय लिवलंय?"

मी वाचलं. गुड फ्रायडे.

अक्का, त्या क्षणी माणूस गप्प बसू शकतो, आणि मी बसलेही. एक श्वासभर. आणि मग भिंगारची मॅट्रिक पास सून बोलली, "ही छापायची चूक आहे. बियाणं विकणाऱ्यांना आपला सण काय कळतोय?"

माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून लोळली. सांगताना मीही हसते. शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, आणि तुझा थोरला विचारायला आला की काकू, आज कशाची सुट्टी, तेव्हा मी त्याला ठामपणे सांगितलं होतं, मास्तर कालच्या धुळवडीचा रंग धुवायला नगरला गेलेत. एवढं सांगून मी थांबते. पुढचं नातीला सांगितलेलं नाही.

वस्तीनं माझी तारीख मानली. तुझी कुणाला कळलीच नाही, कारण तू ती बाहेर बोललीच नाहीस. आणि माझी तारीख सोयीचीही होती. महिनाभरानं ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेली माणसं परतणार होती, मग सण सगळ्यांचा होणार होता. लोकांनी कौतुक केलं. शिकलेली सून घरात असली की असं असतं, असं चंद्राकाकूसुद्धा म्हणाल्या, ज्यांनी जन्मात कुणाचं कौतुक केलं नव्हतं. मी चार दिवस मान ताठ करून चालत होते. पाणी भरतानासुद्धा.

त्या आठवड्यातली रविवारची सकाळ मला लख्ख आठवते, कारण मी तुझ्यावर ओरडले होते. सॅम्युएलनं रात्रभर छळलं होतं, त्यामुळे उजाडून गेल्यावर जाग आली. बाहेर आले तर दादांची खाट रिकामी. मी घाबरून अंगणात गेले. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातल्या गेनूभाऊंची बैलगाडी दारात आली. गाडीत गवताच्या गादीवर घोंगडी पांघरून दादा बसलेले आणि त्यांना धरून तू. तू म्हणालीस, दादांना जरा मळ्याकडं हवा खायला नेलं होतं. मी कडाडले. एवढ्या गारठ्यात म्हातारं माणूस बाहेर काढतं का कुणी, आणि पायाला चिखल बघा, आणि कुणाला विचारून? तू खाली मान घालून त्यांचे पाय पुसलेस. दादा मात्र माझ्याकडे बघून हसत होते. आठ दिवस ज्यांनी पेजेशिवाय काही घेतलं नव्हतं, त्यांनी त्या दिवशी दुधात कुस्करून अख्खी भाकरी खाल्ली.

आणि त्या दिवसापासून त्यांनी सण कधी आहे हे विचारणं बंद केलं. मला वाटलं, चला, म्हातारपणी विसरायला लागले.

माझ्या तारखेला अकरा दिवस उरले असताना दादा गेले. सकाळी, तुझ्या हातचा चहा घेऊन, भिंतीकडे तोंड करून. थांबतो म्हणाले होते. मी एक दिवस धरून बसले होते आणि त्यांचं सामान अकरा दिवस आधीच बांधून झालं.

त्यांना सासूबाईंच्या शेजारी पुरलं. सासूबाईंच्या कबरीवरच्या दगडावर मेणाचे थेंब होते. मला दिसले होते, अक्का. गेल्या वर्षीचे असतील म्हणून मी पुढे झाले. गेल्या वर्षीचं मेण नगरच्या उन्हात, पावसात, वर्षभर पांढरं राहील का, हे तेव्हा मॅट्रिक पास बाईच्या डोक्यात आलं नाही.

मग माझा ईस्टर आला. कोयत्यावरची माणसं परतली होती. पहाटे सगळे दफनभूमीत जमले, मेणबत्त्या लागल्या, आणि मग एक वेळ अशी आली की सगळे वाट बघत राहिले. दादांची आरोळी यायला हवी होती. पुरुषांपैकी कुणाला ती जागा घ्यावीशी वाटेना. तुझा नवरा पाठ फिरवून रडत होता. तेव्हा तू पुढे झालीस. पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतलास, सासूबाईंच्या दगडापाशी उभी राहिलीस आणि दिलीस आरोळी. तुझा आवाज फाटला, मध्येच चिरकला, पण सगळ्या रानात गेला. आम्ही उत्तर दिलं. त्यानंतर दरवर्षी तूच दिलीस. बाईनं द्यावी की नाही यावर वस्तीत बोलायला कुणाला उसंतच मिळाली नाही, कारण एकदा तू दिलेली होतीस.

मे महिन्यात पाळकसाहेब बरे होऊन आले. सगळ्यांनी मोठ्या हौसेनं सांगितलं की तुम्ही नव्हतात, तरी आम्ही ईस्टर अगदी रीतीनं केला. त्यांनी तारीख विचारली. मग चष्मा काढला. म्हणाले, "अरे, सण तर महिनाभर आधी होऊन गेला. होळीनंतरच्या रविवारी होता." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाळकसाहेबांनी विचारलं, तारीख कुणी काढली?

मी चर्चमध्ये बायकांच्या बाजूला बसले होते. जमीन शेणानं सारवलेली होती. तिच्यात शिरता आलं असतं तर शिरले असते. तिथं मला तारखेची लाज वाटत नव्हती. मला ऐकू येत होतं, तवर थांबतो की. दादा जिवंत होते त्या रविवारी. खाटेवर होते, बोलत होते, भाकरी खात होते. सण त्यांच्या दारावरून गेला आणि मी त्यांना आत घेऊ दिला नाही. छापलेलं वाचूनसुद्धा.

तेव्हा तू उठलीस आणि म्हणालीस, "आमी साऱ्यांनी मिळून ठरवलं, साहेब. कोयत्यावरची मानसं यायची हुती."

 मग चंद्राकाकूंनी मान डोलावली. मग आणखी दोघींनी. माझी चूक अकरा घरांत वाटली गेली आणि माझ्या वाट्याला घासभर उरली. पाळकसाहेबही हसले. त्यांनी आम्हाला सांगितलं की ही तारखेची भानगड आपली एकट्यांची नाही. फार जुन्या काळी चर्चचे मोठमोठे लोक यावरूनच भांडले होते. कुणी म्हणत, चंद्राच्या हिशेबानं ज्या वारी येईल त्या वारी सण करायचा. कुणी म्हणत, प्रभू रविवारी उठला, म्हणजे रविवारीच करायचा. पुष्कळ वर्षं एका गावचा उपास चालू, तर दुसऱ्या गावी सण झालेला. शेवटी सगळे मोठी सभा घेऊन बसले आणि रविवारच, सगळ्यांनी एकाच वेळी, असं ठरलं. पुढं हिशेब पक्का झाला तो असा: दिवस-रात्र सारखी झाल्यावरची पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार.

अक्षर न् अक्षर तुझं. तू तिथंच बसली होतीस. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तू नाही बघितलंस. तू शेजारणीच्या कानात म्हणालीस, "म्हंजी तिकडं बी जावाजावांचीच भांडनं हुती." बायकांची सगळी बाजू हसली. पाळकसाहेबांनी विचारलं, काय झालं? कुणी सांगितलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी तुला पहिल्यांदा "तू" म्हटलं. आधी तुम्ही होतीस. मला माफी मागायची होती आणि तोंडातून निघालं, "अक्का, तू चाल पुढं, मी शेळी घेऊन येते." तू वळून बघितलंस, हसलीस आणि चालू लागलीस. माझी माफी एवढीच झाली, शेळीच्या निमित्तानं. बाकीची राहिली.

पुढच्या वर्षीपासून मात्र तुझं राज्य आलं. ऊन मधोमध येण्याच्या दिवशी तू साऱ्या वस्तीला पहाटे चर्चमध्ये उभं करायचीस. पोरांना मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बसवायचीस आणि म्हणायचीस, कुनी पाय पसरू नका, उनाला वाट द्या. पट्टा मेजाला शिवला की तू माझ्याकडे बघायचीस. मग मी पौर्णिमा मोजायची, रविवार काढायचा आणि चर्चच्या दारावर खडूनं तारीख लिहायची. तू सांगायची, मी लिहायची. कॅलेंडरही बघायचे मी, पण तुझ्या नकळत, आणि ते नेहमी तुझ्यासारखंच निघायचं. कोयत्यावर जाणाऱ्यांना तू जाण्याआधीच बजावून ठेवायचीस, की सूर्य नेमका पूर्वेला उगवला की त्याच्या पुढची पुनव बघा आणि तिथं तळावरच सण करा, आमच्यासाठी थांबू नका. थांबू नका, हे तू जरा जास्तच जोरात म्हणायचीस. मला तेव्हा वाटायचं, ही मला ऐकवतेय. अशा रीतीनं आपल्या वस्तीचा ईस्टर त्याच्या जुन्या जागेवर आला आणि तिथून पुन्हा हलला नाही. कारखान्याच्या तळावर, पालांच्या मध्ये, आपली माणसं त्याच पहाटे मेणबत्ती लावायला लागली.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. नवं चर्च बांधताना दार रस्त्याच्या बाजूला, उत्तरेला घ्यायचं ठरलं. गाड्या येतील, कार्यक्रम होतील, शोभा येईल. मीही हात वर केला. तू एकटी म्हणालीस, ऊन कुठून येनार? मी म्हणाले, अक्का, आता मोबाईल आहे, दहा वर्षांच्या तारखा एका बोटावर दिसतात. तू म्हणालीस, "मोबाईलला कुनी झाडून काडतं का?"  फरशी बसली, पंखे लागले आणि तुझं ऊन बाहेर राहिलं. त्यानंतर तू आपल्या ओट्यावर बसून सूर्य बघायला लागलीस. गेनूभाऊंच्या विहिरीच्या कठड्यामागून नेमका वर आला की आत येऊन सांगायचीस, आला गं मधोमध. मी हो म्हणायची आणि मोबाईल उघडायची. तू जिंकलीस असं एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणायची, बरोबर आहे तुझं, मोबाईलपण तेच म्हणतोय. म्हणजे शेवटचा शब्द मोबाईलचाच.

शेवटच्या आजारात तुझी खाट मी पडवीतच घातली, दादांची होती तिथं. तू विचारलंस, "कधी हाय गं सन?" मी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. मी तारीख सांगितली. खरी. बारा दिवस आहेत म्हणाले. तू थांबते म्हणाली नाहीस. नुसती मान हलवलीस, जसं एखाद्यानं गाडीची वेळ सांगितल्यावर आपण हलवतो. मी तुझ्या उशाशी बसून तीन दिवस शब्द जुळवत होते. दादांचं सांगायचं होतं. ते थांबतो म्हणाले होते आणि मी त्यांना चुकीच्या दिवसापर्यंत थांबायला लावलं, हे तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. मी तुला पाणी पाजलं, केस विंचरले, डोळ्यांत थेंब घातले. शब्द सगळे तसेच राहिले. चौथ्या सकाळी तू गेलीस.

तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला गेनूभाऊ आले. आता पंच्याऐंशीचे असतील. काठी टेकत, नातवाला बाहेर थांबवून एकटेच अंगणात आले आणि तुझ्या ओट्यावर बसले. लोक गेल्यावर मी त्यांना चहा दिला. कुणास ठाऊक का, चाळीस वर्षं जे तुला सांगता आलं नाही ते मी त्यांना सांगून टाकलं. कदाचित ते आपल्या सणाचे नाहीत म्हणून सोपं गेलं असेल. मी म्हणाले, गेनूभाऊ, दादांचा शेवटचा सण माझ्यामुळं चुकला. अक्कानं खरी तारीख सांगितली होती. मी तिला झाडूवरून बोलले.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "चुकला? कोन म्हनलं?"

आणि मग त्यांनी मला त्या रविवारची पहाट सांगितली. अंधार असताना तू त्यांच्या मळ्यात गेली होतीस. गाडी मागितलीस. त्यांनी घरात कुणाला न विचारता बैल काढले. दोघांनी मिळून दादांना उचलून गाडीत ठेवलं. मळ्याकडे हवा खायला कुणी गेलंच नव्हतं. गाडी दफनभूमीत गेली होती. तू एक मेणबत्ती नेली होतीस, ती सासूबाईंच्या दगडावर लावलीस. पायाचा चिखल तिथला होता. दादांना उभं राहता येईना, तेव्हा गेनूभाऊंनी एका बाजूनं आणि तू दुसऱ्या बाजूनं धरलं.

 तुझ्यावर इतकी चिडले, अक्का, की तू समोर असतीस तर भांडी आपटली असती. चाळीस वर्षं. एका वाक्यानं माझ्या छातीवरचा दगड उतरला असता. मग लक्षात आलं, की दगड आहे हेच मी तुला कधी कळू दिलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी ती गोष्ट हसण्यावारी सांगितली. मास्तर रंग धुवायला गेलेत, इथंच थांबले. तुला वाटलं असेल, हिला चूक तेवढी माहीत आहे, त्यापेक्षा जास्त लाज कशाला द्या. तू माझी लाज राखत बसलीस आणि मी तुझ्यापासून माझं दुःख. एकाच चुलीवर इतकी वर्षं भाकरी थापल्या आपण.

परवा रविवारी ईस्टर आहे. मी काल नव्या चर्चच्या उत्तरेच्या दारावर खडूनं तारीख लिहिली. तिथून येऊन ओट्यावर बसले. पहाटे आरोळी कोण देणार, असं सॅम्युएल विचारत होता. मी म्हटलं, बघू. माझा आवाज तुझ्याहून वाईट आहे, पण फाटायचाच असेल तर फाटू दे.

त्या दिवशी गेनूभाऊ उठताना मी त्यांना एकच विचारलं. मला का नाही नेलं?

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "वैनी, दादांनी अशी आरोळी दिली की माझी बैलं बिचकली. उत्तर द्यायला आमी दोघंच, तर अक्का म्हनली, तुमी बी म्हना भाऊ, मग म्या बी म्हनलं. तुमचं म्हनाल, तर गाडी जुपताना म्या इचारलं हुतं तिला, धाकटीला उठवू का म्हनून. तर म्हनली, 'निजू द्या तिला. तिचा सन अजून यायचाय. तवा तिच्यासंगं म्या पुन्यांदा येईन.'"